लंगोटावरचा काळा डाग

१९०१ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या एका कुटुंबात एक बाळ जन्माला आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण त्या बाळाजवळच्या नर्सला एक चमत्कारिक काम नेमून दिलेलं होतं. बाळाचा ओला झालेला प्रत्येक लंगोट तिने नीट न्याहाळायचा आणि त्यावर काळसर डाग दिसला, तर दिवस आणि वेळ टिपून ठेवायची. पहिला दिवस गेला, लंगोट नेहमीसारखेच. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मात्र डाग दिसला आणि नर्सने निरोप धाडला.

या निरोपाची वाट पाहणारे गृहस्थ होते डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड. वय त्रेचाळीस. लंडनच्या दोन नामांकित इस्पितळांशी संबंध असलेले, पण स्वतः फारसे नामांकित नसलेले. त्यांना हा निरोप ऐकून आनंद झाला असेल की वाईट वाटलं असेल, हे सांगणं कठीण आहे. बाळाला आजार निघाला म्हणून कुणा डॉक्टरला आनंद होऊ नये. पण गेली दोन-तीन वर्षं जो विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता, त्याला त्या डागाने जागा करून दिली होती.

झालं होतं असं, की याच घरातला एक थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी गॅरड यांच्याकडे आणला गेला होता. तक्रार एकच. त्याची लघवी हवेत राहिली की काळी पडते. बाकी पोर खाऊन-पिऊन मजेत. या प्रकाराला ‘अल्काप्टोन्युरिया’ असं जिभेला पीळ पाडणारं नाव चाळीसएक वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. काळा रंग ज्या पदार्थामुळे येतो, तो होमोजेंटिसिक आम्ल आहे हेही १८९१ साली कळलं होतं. कारण मात्र कळलेलं नव्हतं. सर्वसाधारण समजूत अशी, की आतड्यात कुठला तरी जंतू शिरतो आणि तो हे आम्ल तयार करतो.

त्या काळाचा विचार केला तर या समजुतीत नवल काहीच नव्हतं. पाश्चर आणि कॉख यांनी जंतूंचं एक नवंच जग उघडून दाखवलं होतं. क्षय, पटकी, घटसर्प, एकेका रोगाचा जंतू सापडत होता. आपल्याकडे मुंबई-पुण्यात १८९६पासून प्लेगने माणसं पटापट मरत होती आणि हाफकिन यांनी मुंबईतच १८९७ साली प्लेगची लस तयार केली होती. रोग म्हटला की बाहेरून आलेला शत्रू, हे डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि ते खरंही होतं. फक्त पूर्ण खरं नव्हतं.

गॅरड यांना खटकत होतं ते इतकंच, की जंतूची लागण अशी ठरवून कशी होईल? थोरल्याला तान्हेपणापासून, काही भावंडांना अजिबात नाही आणि या नव्या बाळाला पुन्हा जन्मल्या जन्मल्या. शिवाय ज्याला आहे, त्याला ती आयुष्यभर आहे. ना ती उतरत, ना वाढत, ना शेजाऱ्याला लागत.

असं सांगतात की एके दिवशी इस्पितळातून चालत घरी येताना त्यांच्या मनात एकदम आलं, की या मुलाचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले तर नसतील? त्यांनी चौकशी केली. ते नात्यातलेच निघाले. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी होत्या.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. इंग्रजांना या नात्यासाठी एकच शब्द पुरतो. मामाचा, आत्याचा, काकाचा, मावशीचा, सगळे ‘कझिन’. आपल्याकडे मात्र मावसभाऊ आणि मावसबहीण म्हणजे भाऊ-बहीणच, त्यांचं लग्न ही कल्पनाही सहन व्हायची नाही. पण मामाची मुलगी मात्र अनेक घरांत हक्काची. माझ्या आजोळी तर मामाच्या मुलीला नकार देणं म्हणजे मामाचा अपमान समजत. रक्ताचा हिशेब मांडायला बसलं, तर या दोन्ही नात्यांत काडीचाही फरक नाही. दोन्हीकडे आजी-आजोबांची एक जोडी सामाईक. निषेध आणि हक्क आपण ठरवलेले. शरीराच्या खातेवहीत ही सगळी भावंडं एकाच रकान्यात बसतात. गॅरड यांना आपल्या नात्यांची ही उतरंड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी मामा-मावशी असा भेद न करता सरळ पाहिलं, म्हणूनही कदाचित ते लवकर दिसलं असेल.

आर्चिबाल्ड गॅरड यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८५७चा, लंडनचा. वडील सर आल्फ्रेड बेअरिंग गॅरड हे त्या काळातले बडे डॉक्टर. गाऊट नावाच्या सांध्यांच्या दुखण्यात रक्तातलं युरिक आम्ल वाढतं, हे त्यांनी १८४८ साली दाखवून दिलं होतं. त्यासाठी त्यांनी काढलेली युक्ती तर एखाद्या गृहिणीला सुचावी अशी. रक्तातलं पाणी एका पसरट काचेत घ्यायचं, थोडं आम्ल घालायचं आणि त्यात सुती धागा सोडून ठेवायचा. खडीसाखर दोऱ्यावर धरते ना, तसे युरिक आम्लाचे खडे त्या धाग्यावर धरत. व्हिक्टोरिया राणीच्या वैद्यांमध्येही त्यांची नेमणूक झाली. थोरला भाऊ आल्फ्रेड हेन्री प्राणिशास्त्रात इतका हुशार, की तिशीतच रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि १८७९ साली क्षयाने गेलाही.

अशा घरातल्या धाकट्या मुलाचं काय होतं, हे आपण पाहतोच. शाळेत लॅटिन-ग्रीकमध्ये त्याला फारशी गती नव्हती. निसर्गात मात्र मन रमे. ऑक्सफर्डला गेल्यावर नैसर्गिक शास्त्रांत पहिला वर्ग मिळाला, तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं असेल. मग सेंट बार्थोलोम्यू या लंडनच्या सर्वांत जुन्या इस्पितळात वैद्यकी आणि त्यानंतर थोडा काळ व्हिएन्ना. १८८६मध्ये त्याच इस्पितळातले शल्यविशारद सर थॉमस स्मिथ यांच्या कन्येशी, लॉरा हिच्याशी लग्न.

म्हणजे वडील सर, सासरे सर, इस्पितळ नावाजलेलं. पुढची वाट गालिच्यासारखी अंथरलेली असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बार्ट्समध्ये सहायक फिजिशियनची जागा मिळायला गॅरड यांना १९०३ साल उजाडलं. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. पूर्ण फिजिशियन झाले १९१२ साली, पंचावन्नाव्या वर्षाच्या तोंडाशी. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्याने सरकायचं नाही, असा तिथला रिवाज. मी स्वतः बँकेत स्केल दोनमध्ये अकरा वर्षं काढली. त्यामुळे हे वाचताना मला त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. फरक इतकाच, की बढती रखडलेल्या वर्षांत मी कुरकुरत कादंबरी लिहिली आणि गॅरड यांनी मुलांच्या इस्पितळात जाऊन बाटल्यांतल्या लघव्यांचे रंग पाहिले.

रंगांचा हा नाद फार कामाचा ठरला. त्या वेळी त्यांच्याबरोबर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स नावाचा एक तरुण रसायनतज्ज्ञ काम करत असे. जीवनसत्त्वांच्या कामासाठी त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. दोघांनी मिळून मूत्रातल्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला. मोठ्या इस्पितळातला सल्लागार डॉक्टर म्हणजे रोग्याची नाडी पाहणारा, घड्याळाची सोन्याची साखळी मिरवणारा. त्याने प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवाव्यात, हे त्या काळी जरा कमीपणाचंच समजलं जाई.

त्या मावसभावंडांचं नातं कळल्यावर गॅरड यांनी काय केलं? एखाद्या जुन्या हेडक्लार्कने करावं तसं त्यांनी रजिस्टर उघडलं. युरोपभर, अमेरिकेत जिथे कुठे अल्काप्टोन्युरियाचा रोगी नोंदला गेला होता, तिथल्या डॉक्टरांची टिपणं शोधली, पत्रं पाठवली आणि विचारलं, की भावंडं किती, त्यात बाधित किती, आईवडील नात्यातले आहेत का. जगभरचे मिळून जेमतेम चाळीस रोगी जमले. आकडा लहान, पण त्यातून निघालेलं चित्र ठसठशीत होतं. आईवडील निरोगी आणि मुलाला मात्र हा प्रकार, अशा ज्या घरांची माहिती हाती आली, त्यांत सुमारे ६० टक्के घरांत आईवडील सख्ख्या भावाबहिणींची मुलं होती. इंग्लंडमध्ये एकूण लग्नांत अशी लग्नं किती, याचा अंदाज चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने पूर्वी केला होता. तो शेकडा दोन-चारच्या आसपास होता. (डार्विनने स्वतः मामाची मुलगी केली होती, तेव्हा मुलाला या विषयात रस का वाटला असावा, हे उघड आहे.)

शेकडा दोन-चार कुठे आणि साठ कुठे! पण याचा अर्थ काय लावायचा?

अर्थ लावायला मदत आली ती केंब्रिजहून. तिथे विल्यम बेटसन नावाचा एक तापट, हट्टी जीवशास्त्रज्ञ कोंबड्या आणि वाटाणे घेऊन बसला होता. ग्रेगर मेंडेल या ब्रनो गावच्या पाद्र्याने १८६६ साली छापलेला वाटाण्यांवरचा निबंध चौतीस वर्षं धूळ खात पडून राहिल्यावर नुकताच, १९०० साली, पुन्हा उजेडात आला होता आणि बेटसन त्याचा जणू प्रचारकच झाला होता. गॅरड यांची माहिती त्याच्या कानावर आली मात्र, त्याने ओळखलं, की हे तर मेंडेलचं गणित. दोघांमध्ये पत्रं सुरू झाली.

हे गणित आपण आपल्या भाषेत मांडून पाहू. शरीराच्या प्रत्येक कामाची नोंद आपल्याजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी धड असते, काम भागतं. माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही, की आपल्याजवळची एक प्रत सदोष आहे. आता अशाच दोन माणसांचं लग्न झालं, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता अशी असते, की त्याच्या वाट्याला दोन्हीकडची सदोष प्रतच येईल. परक्या घरातल्या दोघांजवळ नेमकी तीच दुर्मीळ चूक असणं कठीण. पण दोघांनाही ती एकाच आजोबांच्या वहीतून उतरून मिळाली असेल तर? म्हणून नात्यातल्या लग्नांत या गोष्टी वर येतात. नातं रोग निर्माण करत नाही. झाकलेली चूक ते फक्त समोरासमोर आणतं.

१३ डिसेंबर १९०२ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गॅरड यांचा लेख आला. माणसातला एखादा विकार मेंडेलच्या नियमाने पिढीजात उतरतो, हे त्यात प्रथमच मांडलेलं होतं. पण माझ्या मते त्या लेखातली खरी धाडसाची गोष्ट वेगळीच आहे. गॅरड यांनी लिहिलं, की अल्काप्टोन्युरिया, सूर्यप्रकाश न सोसणारी पांढरीफटक कातडी असे प्रकार म्हणजे नजरेत भरणारी टोकाची उदाहरणं आहेत. खरं तर कुठल्याच दोन माणसांचं रसायन सारखं नसतं. जसे चेहरे वेगळे, तशी रक्तातली, लघवीतली, पचनातली घडणही प्रत्येकाची वेगळी. एखाद्याला जे औषध मानवतं, ते दुसऱ्याला का सोसत नाही, एकाच साथीत एक दगावतो आणि दुसरा का तरतो, याचं मूळ तिथे शोधायला हवं. आपल्या आज्या हेच ‘ज्याची त्याची प्रकृती’ या तीन शब्दांत सांगत. आजीजवळ अनुभव होता, गॅरड यांनी त्याला रसायनाचा पुरावा दिला.

१९०८ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी मानाची क्रूनियन व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. नावाचा अर्थ साधारणपणे ‘चयापचयातल्या जन्मजात चुका’. त्यात चार विकार घेतले होते. अल्काप्टोन्युरिया त्यांतला एक, वर्णहीनता दुसरा, सिस्टिन्युरिया आणि पेंटोस्युरिया हे उरलेले दोन. चारही दुर्मीळ.

पण चूक म्हणजे नेमकी कशात? पुस्तकाचा गाभा इथे आहे. आपण खातो त्या डाळीतली, दुधातली, मांसातली प्रथिनं शरीरात एकदम जळत नाहीत, टप्प्याटप्प्याने मोडली जातात. बँकेत पूर्वी डिमांड ड्राफ्टचा अर्ज कसा टेबलाटेबलाने पुढे सरकत असे? एकाने पैसे घ्यायचे, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने तपासायचं, चौथ्याने सही करायची. समजा, तिसरा कारकून आलाच नाही. मग चौथ्याच्या टेबलावर शुकशुकाट आणि दुसऱ्याच्या टेबलावर कागदांचा ढीग. तो ढीग शेवटी खिडकीतून बाहेर पडू लागला, तर रस्त्यावरच्या माणसाला तो दिसणारच. गॅरड यांचं म्हणणं, होमोजेंटिसिक आम्ल हा असा अडकलेला कागद आहे. तो कुणा जंतूने आणलेला नाही. तो तुमच्या-आमच्या शरीरातही रोज तयार होतो आणि लगेच पुढे मोडला जातो. या रोग्यांत पुढे मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तेवढं नाही. रोग्याच्या खाण्यात प्रथिनं वाढवली, टायरोसिन हा प्रथिनातला घटक दिला, की लघवीतलं आम्ल वाढे. अर्ज जास्त, तर ढीग जास्त.

आज शाळेतल्या मुलालाही सांगता येईल, की जनुक विकर घडवतं आणि विकर काम करतं. १९०९ साली ‘जीन’ हा शब्द नुकताच कागदावर उतरत होता. जनुक कशाचं बनलेलं असतं, हे कळायला आणखी चार दशकं लागायची होती. त्या अंधारात एका सल्लागार डॉक्टराने लंगोटावरच्या डागावरून थेट त्या खोलीचं दार गाठलं होतं.

आणि मग काही झालं नाही.

पुस्तक निघालं, परीक्षणं बरी आली, १९१० साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. पण डॉक्टरांना वाटलं, लाखात एखाद्याला होणाऱ्या या गमतीजमती, आपल्या ओपीडीत त्यांचा काय उपयोग? जनुकशास्त्रज्ञ फळमाश्यांच्या पंखांत आणि डोळ्यांच्या रंगांत गुंतलेले. त्यांना रसायन नको होतं आणि रसायनवाल्यांना वंशावळी नको होत्या. गॅरड यांचं काम बरोबर तिघांच्या मधल्या बोळात पडलं. त्या बोळात झाडू मारायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. गॅरड स्वतःही मवाळ, सभ्य, भांडण न करणारे गृहस्थ. बेटसनसारखा आरडाओरडा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुढे महायुद्ध आलं. गॅरड गणवेश चढवून आधी लंडनच्या लष्करी इस्पितळात आणि मग माल्टा बेटावर गेले. भूमध्य समुद्रातल्या फौजांचे जखमी आणि आजारी तिथे बोटींनी आणले जात. हुद्दा कर्नलचा. १९१८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

या माणसाला तीन मुलगे होते. थॉमस मार्टिन १९१५ साली जखमांनी गेला. थोरला आल्फ्रेड नोएल बापासारखाच डॉक्टर होऊन लष्करी वैद्यकीय दलात गेला होता. तो १९१६ साली मारला गेला. उरलेल्या मुलाचं नाव बॅझिल राहीअर. सेंट बार्थोलोम्यू इस्पितळ ११२३ साली ज्याने स्थापन केलं, त्या राहीअरचं नाव बापाने मुलाला दिलेलं. तो युद्धातून जिवंत सुटला. शस्त्रं खाली ठेवल्यावर, १९१९ साली, जर्मनीतल्या कोलोन शहरात तो इन्फ्लुएंझाने गेला. आपल्याकडेही त्या तापाने घरंच्या घरं बसली होती.

मी कादंबरीकार आहे. अशा जागी दोन पानं लिहायचा मोह होतो. पण ज्या माणसाने स्वतःच्या दुःखाबद्दल फारसं काही मागे ठेवलं नाही, त्याच्या तोंडी वाक्यं घालणं बरं नव्हे.

मागे राहिली एक मुलगी, डॉरोथी. युद्ध संपल्यावर ती वडिलांजवळ माल्टाला गेली. त्या बेटावर हजारो वर्षांपूर्वीची दगडी देवळं आहेत. ती पाहता पाहता तिला उत्खननाची गोडी लागली आणि वडिलांनी तिला उत्तेजन दिलं. तिन्ही भावांच्या वाट्याचं कर्तृत्व आपण एकटीने करून दाखवायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. पुढे पॅलेस्टाइनमधल्या कार्मेल डोंगरावरच्या गुहांत तिने १९२९पासून काही वर्षं उत्खनन केलं. हाताखाली बहुतेक बायकाच. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने तिला पुरातत्त्वाची प्राध्यापक नेमलं. केंब्रिज-ऑक्सफर्डमधली ती पहिली स्त्री प्राध्यापक. गंमत अशी, की तेव्हा केंब्रिज बायकांना पूर्ण पदवीही देत नव्हतं. ती द्यायला १९४८ साल उजाडलं. वडिलांना हे पाहायला मिळालं नाही.

गॅरड यांना मात्र १९२० साली ऑक्सफर्डची रीजियस प्राध्यापकी मिळाली. विख्यात डॉक्टर विल्यम ऑस्लर यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. तीन मुलं गेलेली, वय बासष्ट. सात वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं. १९२३ साली पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, आणखी दोन विकारांची भर घालून. १९३१ साली, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, दुसरं पुस्तक लिहिलं. रोगाकडे माणसाचा मूळ कल कशाने ठरतो, हा त्याचा विषय. दुर्मीळ विकार सोडून ते आता तुमच्या-आमच्या रोजच्या आजारांकडे वळले होते. तेही पुस्तक फार कुणी वाचलं नाही. २८ मार्च १९३६ रोजी केंब्रिजमध्ये मुलीच्या घरी त्यांचं निधन झालं.

नंतरचा हिशेब मात्र चक्रवाढ व्याजाने झाला. १९४१ साली अमेरिकेत बीडल आणि टेटम यांनी पावावरच्या बुरशीवर प्रयोग करून एक जनुक-एक विकर हे नातं सिद्ध केलं. त्यांना १९५८ साली नोबेल मिळालं, तेव्हा बीडलने भर समारंभातल्या व्याख्यानात सांगून टाकलं, की आपण जे शोधलं, ते गॅरड यांनी कितीतरी वर्षं आधी ओळखलं होतं. त्याच वर्षी अल्काप्टोन्युरियाच्या रोग्याच्या यकृतात ते विकर खरोखरच नाही, हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं गेलं. म्हणजे न आलेल्या कारकुनाची गैरहजेरी लागायला अर्धशतक गेलं.

१९५२ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या मुंबईहून एक टिपण गेलं. डॉ. भेंडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं होतं, जे ओ गटाचंसुद्धा रक्त स्वीकारत नव्हतं. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आईवडिलांकडून दोन्ही प्रती सदोष आल्या, एक विकर तयार झालं नाही आणि लाल पेशींवरची एक खूण उमटलीच नाही. असा माणूस ठणठणीत असतो. रक्त चढवायची वेळ येईपर्यंत त्याला काही कळतही नाही. गॅरड असते तर त्यांनी हे पत्र दोनदा वाचलं असतं.

आणि सगळेच प्रकार निरुपद्रवी नसतात. ऐंशीच्या दशकात मी विदर्भातल्या एका आडगावच्या शाखेत होतो. आमच्या शिपायाचा मुलगा सात-आठ वर्षांचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे हातपाय असे दुखत, की पोर रात्रभर किंचाळे. डोळे पिवळे. नवससायास झाले, अंगारे-धुपारे झाले. शिपायाची आई सुनेला घालून पाडून बोले, तुझ्याच माहेरचं हे. सून ऐकून घेई. पुढे सेवाग्रामला नेल्यावर सिकलसेल निघाला. डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही तो लपलेला होता, अर्धा-अर्धा. शिपाई दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, साहेब, माझ्याकडूनपण आहे. मी रजेच्या अर्जावर सही केली. त्याने घरी जाऊन आईला काय सांगितलं, मला माहीत नाही. सहा महिन्यांनी माझी बदली झाली.

त्या डॉक्टरांना जे सांगता आलं, त्याची सुरुवात १९०२ सालच्या त्या लेखात आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक दुवा बदललेला असतो, हे १९५६-५७ साली व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये दाखवलं. केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली ती जुलै २०२३मध्ये.

गॅरड एका बाबतीत चुकले होते, तेही सांगायला हवं. अल्काप्टोन्युरिया म्हणजे निव्वळ वेगळेपण, त्याने फारसा त्रास होत नाही, असं त्यांना वाटे. तान्ह्या मुलांत तो दिसत नाही हे खरं. पण ते आम्ल वर्षानुवर्षं कूर्चेत साचत राहतं. कानाच्या पाळ्या निळसर होतात, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात तपकिरी ठिपके दिसतात आणि तिशी-चाळिशीनंतर पाठ आणि गुडघे धरतात. शस्त्रक्रियेत सांधा उघडला, तर आतली कूर्चा कोळशासारखी काळी.

या विकाराचं जनुक १९९६ साली स्पेनमधल्या संशोधकांना सापडलं, तेही एका बुरशीतल्या तशाच जनुकाचा माग काढत. मग २०२० साली युरोपात नायटिसिनोन या औषधाला प्रौढ रोग्यांसाठी मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातल्या एका केंद्रात १३८ रोगी घेतले होते आणि औषध घेणाऱ्यांच्या लघवीतलं होमोजेंटिसिक आम्ल ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. हे औषध गैरहजर कारकुनाला परत आणत नाही. ते आधीच्याच एका टेबलावर कागद अडवून धरतं. मग तिथे ढीग साठतो, टायरोसिनचा. म्हणून रोग्याला डाळ, दूध, मांस बेताने खावं लागतं आणि डोळे अधूनमधून तपासून घ्यावे लागतात.